शेती कोणाच्या घरची?

बी.एड.च्या दोन वर्षांत २० आठवडे प्रत्यक्ष शाळेत काढावे लागतात. पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. कागदोपत्री त्याचे नाव शालेय आंतरवासिता. आम्ही सगळे मात्र इंटर्नशिपच म्हणतो. या काळात केवळ पाठ घेऊन भागत नाही. सकाळी परिपाठाला उभे राहायचे, हजेरी मांडायची, रजेवरच्या शिक्षकांचे तास सांभाळायचे, घटक चाचणीचे पेपर तपासायचे. आणि रोज रात्री दुसऱ्या दिवसाचे पाठ टाचण लिहायचे. प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन, उपयोजन, गृहपाठ असे सारे रकाने भरल्याशिवाय मार्गदर्शक शिक्षक सही करत नाहीत.

माझे १६ आठवडे सांगली जिल्ह्यात, मिरज तालुक्याच्या पूर्व भागातल्या एका हायस्कुलात गेले. हा पट्टा द्राक्षबागांचा आणि पानमळ्यांचा. बी.एड.ला माझा अध्यापन विषय विज्ञान. पण त्याआधी मी बी.एस्सी. अ‍ॅग्री केले होते. या शाळेत नववी-दहावीला शेती हा व्यवसाय विषय म्हणून शिकवतात. मुख्याध्यापकांनी माझी कागदपत्रे पाहिली आणि म्हणाले, "मग नववीचे शेतीचे तास तुम्हीच घ्या. आमचे सर मागे बसतील."

आम्ही बागवान. आमच्या घरी गुंठाभर जमीन नाही, पण फळांशिवाय एक दिवस जात नाही. आजोबा पाटीत बोरे आणि पेरू घेऊन बाजार करायचे. अब्बा पहाटे मार्केट यार्डात जातात, सौद्यात माल घेतात आणि निवडून, भरून पुढे विकतात. मी शेतीच्या कॉलेजात प्रवेश घेतला तेव्हा खाला हसून म्हणाल्या होत्या, "शेत ना शिवार, आणि पोरगी शेती शिकणार!" अब्बा एवढेच म्हणाले, "माल कुठून येतो ते आपल्या घरात एकाला तरी कळू दे."

नववीच्या वर्गात ४२ मुले-मुली होती. पहिल्या पाठाची प्रस्तावना म्हणून मी विचारले, "कोणाकोणाच्या घरी शेती आहे?" २३ हात वर झाले. उरलेली १९ मुले बाकाकडे बघत राहिली. त्यांची घरे मला पुढच्या काही दिवसांत कळत गेली. कोणाचे वडील ट्रकवर, कोणाचे गवंडीकामावर. एका मुलाच्या घरी शेळ्या, एकाच्या वडिलांचे चिकनचे दुकान. एका मुलीची आई द्राक्षबागेत मजुरीला जायची. सुट्टीच्या दिवशी ही मुलगीही तिच्याबरोबर जायची. घडांची विरळणी कशी करायची, डिपिंगच्या वेळी घड मगातल्या औषधात किती वेळ बुडवायचा, हे तिच्या हाताला पाठ होते. तिला मी विचारले, "तू हात का नाही वर केलास?" ती म्हणाली, "आमची नाही बाई. आम्ही दुसऱ्याच्यात जातो."

दुसऱ्याच्यात जातो. हे उत्तर माझ्या मनातून जाईना. सातबाऱ्यावर ज्याचे नाव तो शेतकरी, हे आपण सगळ्यांनी इतके गृहीत धरले आहे की दिवसभर बागेत राबणारी मुलगीसुद्धा शेती आपली समजत नाही. शेतकऱ्याच्या घरातल्या बायकांचेही तेच. खुरपणी, वेचणी, राखण त्यांची, नाव दुसऱ्याचे. त्या रात्री टाचण लिहिताना मी ठरवले की या वर्गात जमिनीवरून कोणी आतला आणि कोणी बाहेरचा होणार नाही, असे पाठ घ्यायचे.

सुरुवात मुळांपासून केली. ऑगस्टचा शेवट होता. शाळेच्या मागच्या तुकड्यात सरांनी सोयाबीन लावले होते आणि ते फुलोऱ्यात आले होते. प्रत्येक गटाने एक झाड मुळासकट, माती न तोडता उपटले आणि बादलीतल्या पाण्यात हलकेच धुतले. मुळांवरच्या गाठी सगळ्यांनी पाहिल्या. शेतकऱ्यांच्या मुलांपैकी दोघे म्हणाले, "रोग पडलाय, बाई." मी ब्लेडने गाठ कापून दाखवली. आतून ती गुलाबी होती. हवेतला नत्र झाडाला मिळवून देणारे जिवाणू इथे राहतात आणि गाठ आतून गुलाबी असेल तर त्यांचे काम चालू आहे, असे समजायचे. आत पांढरी किंवा हिरवट असेल तर त्या गाठीचा झाडाला उपयोग होत नाही. मग वर्ग नुसता गाठी कापत सुटला. गुलाबी किती, पांढऱ्या किती, याचा तक्ता फळ्यावर तयार झाला. ज्यांच्या घरी सोयाबीन होते आणि ज्यांच्या घरी नव्हते, त्या दोघांनीही ही गोष्ट पहिल्यांदाच पाहिली होती. एकाच रेषेवरून सगळे सुटले, याचा मला आनंद वाटला.

ऑक्टोबरमध्ये हरभऱ्याच्या पेरणीचे दिवस आले. बरेच शेतकरी घरचेच बी वापरतात. आम्ही पाच घरांतून मूठमूठ हरभरा आणला. ओल्या गोणपाटावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडल्या, वरून दुसरे ओले गोणपाट घातले आणि गुंडाळी करून सावलीत ठेवली. रोज पाणी शिंपडण्याच्या पाळ्या लावल्या. आठवड्याने गुंडाळ्या उलगडल्या. एका घरच्या १०० दाण्यांपैकी ९१ उगवले होते, एका घरचे ६४. प्रमाणित हरभरा बियाण्याची उगवण किमान ८५ टक्के असावी लागते. ६४ वाल्या मुलाला मी विचारले, "आता काय करायचे?" तो गप्प बसला. शेळ्यावाल्या घरातला मुलगा मागून म्हणाला, "एक तर बी बदलायचं, नाही तर जास्त टाकायचं. किती जास्त ते गणित करून सांगतो." आणि त्याने ८५ भागिले ६४ करून सांगितले की दर किलोमागे साधारण एक किलो तीनशे तीस ग्रॅम. त्याच्या घरी पेरायला जमीन नाही. पण त्या दिवशी दुसऱ्याच्या शेताचा हिशोब त्याने बिनचूक केला होता.

मागच्या बाकावर बसलेले आमचे सर सहसा बोलत नसत. त्या दिवशी तास संपल्यावर म्हणाले, "गणिताच्या तासाला हा मुलगा तोंड उघडत नाही, बरं का."

मला बी.एड.च्या पुस्तकातला नई तालीमचा भाग आठवला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींच्या कल्पनेवरून अभ्यासक्रम आखण्यासाठी डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पुढे १९६७ मध्ये देशाचे राष्ट्रपती झालेले तेच हे झाकिर हुसेन. मुलाने हाताने एखादे उत्पादक काम करावे आणि गणित, विज्ञान, भूगोल हे विषय त्या कामातून शिकावेत, हा त्या योजनेचा गाभा. मूळ उद्योगांच्या यादीत सूतकताई, सुतारकाम यांच्याबरोबर शेतीही होती. परीक्षेसाठी मी ते चार मुद्द्यांत पाठ केले होते. ८५ भागिले ६४ करणाऱ्या त्या मुलाकडे पाहिल्यावर मला त्याचा अर्थ लागला. आमच्याच भागात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. 'कमवा व शिका' म्हणत मुलांच्या हाती कुदळ-फावडे दिले आणि साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एका पंगतीला बसवले. मातीत काम करताना कोणाचे घर कोणते, हे मागे पडते, हे त्यांना आपल्या कितीतरी आधी उमगले होते.

पण ते नेहमीच इतके सहज मागे पडत नाही. नोव्हेंबरमध्ये फळांच्या विक्रीचा घटक सुरू केला आणि पहिल्याच तासाला एक मुलगा उभा राहिला. त्याच्या घरी दोन एकर पेरू. म्हणाला, "बाई, आमचे आजोबा म्हणतात, बागवान लोक शेतकऱ्याला लुबाडतात." वर्ग एकदम शांत झाला. मी कोण, हे गावात सर्वांना माहीत होते. त्याच्याही लक्षात आले आणि त्याचे कान लाल झाले. मागच्या बाकावरून सर उठू लागले, त्यांना मी हातानेच थांबवले.

त्या मुलाने खोडी काढली नव्हती. घरात ऐकलेले त्याने जसेच्या तसे सांगितले होते आणि त्याच्या आजोबांनाही बाजारात कधीतरी चटका बसला असणार. दुसरीकडे, पहाटे तीनला उठून जाणारे माझे अब्बा माझ्या डोळ्यांपुढे होते. मी त्याला म्हटले, "आजोबांकडून एखादी पट्टी मागून आण. मी माझ्या घरून व्यापाऱ्याची वही आणते. दोन्ही शेजारी ठेवून बघू."

वाचकांपैकी ज्यांचा शेतमालाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते: माल विकल्यावर अडत्याकडून शेतकऱ्याला हिशोबाचा जो कागद मिळतो, ती पट्टी. त्या मुलाने आणलेली पट्टी २० क्रेटची होती. दर क्रेटला २० किलो, म्हणजे ४०० किलो पेरू. भाव किलोला २५ रुपये, एकूण १०,०००. त्यातून गाडीभाडे ८००, हमाली १६० आणि तोलाई ८० वजा होऊन हातात ८,९६०. फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची, असा नियम महाराष्ट्रात २०१६ मध्ये झाला. तो मी समजावून सांगितला. प्रत्येकाने आपल्या घरच्या पट्टीवर 'इतर खर्च' म्हणून काय लिहिले आहे ते बघावे, असा गृहपाठही दिला. मग वर्गाने त्या ८,९६० मधून तोडणीची मजुरी, खत, औषधे आणि पाणी वजा केले. शिल्लक पाहून मुले हळहळली.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या परवानगीने अब्बा शाळेत आले. आयुष्यात प्रथमच ते वर्गात फळ्याच्या बाजूने उभे होते. त्यांनी तेवढ्याच मालाचा, ४०० किलोचा, आपला हिशोब सांगितला आणि एका मुलीने तो फळ्यावर लिहिला. खरेदी १०,०००. अडत ६००, हमाली २००, गाडी ९००, बसायच्या जागेचे १५०, दोन दिवस मदतीला घेतलेल्या पोराची मजुरी ८००. एकूण गेले १२,६५०. आता विक्री. २६० किलो चांगला माल ४५ रुपयांनी: ११,७००. १०० किलो डागी माल २० रुपयांनी: २,०००. मिळून १३,७००. दोन दिवसांच्या कामाचे उरले १,०५०.

"आणि ४० किलो?" फळ्याजवळच्या मुलीने विचारले. "४०० मधले ३६०च झाले."

"ते फेकले, बेटा," अब्बा म्हणाले. "दबलेले, फुटलेले होते."

ती मुलगी खडू हातात धरून थोडा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "म्हणजे २५ रुपयांनी घेतलेला हजाराचा माल. तो यांच्याही घरी नाही गेला आणि तुमच्याही नाही."

ज्या मुलाने प्रश्न काढला होता त्याने धीर करून विचारले, "पण काही लोक फसवतात ना?" अब्बांनी ते नाकारले नाही. "फसवतात. काटा मारणारे आमच्यात आहेत. वर चांगला माल आणि खाली बारका भरणारे तुमच्यातही आहेत. म्हणून तर वजन करताना स्वतः उभं राहायचं, पट्टी वाचायची आणि वाचता येत नसेल तर तुझ्यासारख्या नातवाला बरोबर न्यायचं." वर्ग हसला. तो मुलगाही हसला.

अब्बा गेल्यावर फळ्यावर दोन हिशोब शेजारी शेजारी होते आणि त्या दोन्हींत न बसलेले ४० किलो पेरू होते. तिथून पुढचा पाठ वेगळा लिहावा लागला नाही. मुलांनीच विचारले, माल दबतो कुठे? आम्ही एक साधा प्रयोग केला. त्या मुलाच्या बागेतून २० पेरू सकाळच्या वेळी देठासह कापून आणले आणि कागदात गुंडाळून क्रेटमध्ये ठेवले. दुसरे २० नेहमीप्रमाणे ओढून तोडले आणि उन्हातून पोत्यात आणले. दोन्ही वर्गाच्या कोपऱ्यात ठेवून चार दिवसांनी मोजले. पहिल्यातले ३ खराब झाले होते, दुसऱ्यातले ११. नोंदवहीत सगळ्यांनी निष्कर्ष लिहिला. 'दुसऱ्याच्यात जातो' म्हणणारी मुलगी नोंदीखाली आपल्या मनाने एक ओळ लिहून आली: "तोडणी करणाऱ्याला हे आधी सांगितले पाहिजे, कारण माल पहिल्यांदा त्याच्याच हातात असतो." तिचे बरोबर होते. बागेचा मालक आणि बाजारातला व्यापारी या दोघांचाही तोटा जिच्या हाताने कमी होऊ शकतो, ती मजूर बाई आमच्या दोन्ही हिशोबांत फक्त मजुरीच्या आकड्यापुरती होती.

१६ आठवड्यांत मला जे कळले ते इतकेच. शेतकऱ्याच्या मुलांना शेती माहीत असते, म्हणून शेतीचा शिक्षक लागत नाही, असे पुष्कळांना वाटते. ज्यांच्या घरी शेत नाही त्यांना या विषयाचा उपयोग नाही, असेही वाटते. दोन्ही खरे नाही. प्रत्येक मूल शेतीचा एकेक तुकडा घरून घेऊन येते. कोणाला माती माहीत असते, कोणाला जनावर, कोणाला तोडणी, कोणाला बाजार. तुकडा असतो तोवर त्यातून अनेकदा दुसऱ्याविषयी राग तेवढा शिल्लक राहतो. मोजायला, लिहायला, शेजारी ठेवून पाहायला शिकवले की त्या तुकड्यांची शेती होते. शिक्षकाने करायचे काम तेवढेच आहे आणि ते पुरेसे अवघड आहे.

हे मी या मासिकात लिहिते आहे, कारण आपल्यातली पुष्कळ घरे शेताच्या बांधाबाहेरून शेतीशी जोडलेली आहेत. बागवान फळे विकतात, तांबोळी पाने. मुलाणी आणि खाटीक जनावर पारखतात. शिकलगार विळ्या-खुरप्यांना धार लावतात. तरी आपल्या घरी मुलाने शेती विषय घेतला की "तो ढ मुलांचा विषय" किंवा "आपल्याला काय करायचंय" असे सहज बोलले जाते. मुलीने घेतला तर आणखी दोन वाक्ये वाढतात. एवढे तरी माहीत असू द्यावे की दहावीनंतर कृषी पदविकेची वाट आहे, बारावी सायन्सनंतर सीईटी देऊन बी.एस्सी. अ‍ॅग्रीची आहे आणि राहुरी, अकोला, परभणी, दापोली अशी चार कृषी विद्यापीठे आपल्याच राज्यात आहेत. तिथे प्रवेशासाठी सातबारा असावाच लागतो असे नाही. ज्याच्याकडे असतो त्याला काही जागी गुणांचा लाभ मिळतो, पण दार सर्वांना उघडे असते. मी त्याच दाराने गेले.

इंटर्नशिप संपताना नववीच्या मुलांनी शाळेच्या तुकड्यातला मेथीचा पहिला तोडा विकला. जुड्या बांधल्या, शाळेच्या फाटकाशी मांडल्या आणि तासाभरात संपवल्या. हिशोबाच्या वहीत त्यांनी खर्च, विक्री आणि शिल्लक या तीन रकान्यांना एक चौथा जोडला होता: वाया गेले. त्याखाली लिहिले होते, दोन जुड्या. शिल्लक पैशातून पुढच्या हंगामाचे बी आणायचे ठरले. ते कोणते आणायचे, यावर वर्गात बराच वाद झाला आणि त्या वादात ४२ जण बोलत होते.